कच्चं मडकं आणि सफरचंदाचा गाभा



काल एकादशी. नरसीला नामदेव महाराजांचं दर्शन घेऊन कयाधूच्या काठी फराळाला बसलो. घाईत सफरचंद उभं न कापता आडवं कापलं, तर आत पाच टोकांची चांदणी! प्रत्येक खणात बी.

गंमत म्हणजे आपण खातो तो गर हे खरं फळ नाहीच. आंबा, बोर यांचा गर फुलाच्या बीजकोशापासून होतो. सफरचंदात मात्र बीजकोशाचा होतो तो मधला गाभा, जो आपण टाकून देतो. गर म्हणजे बीजकोशाभोवतीची, फुलाच्या बुडाची वाटी, फुगून गोड झालेली. देठाच्या विरुद्ध बाजूला खळग्यात सुकलेली टोकं असतात ना, ती फुलाचीच हिरवी दलं. म्हणून शास्त्रात याला आभासी फळ म्हणतात. (काजूचं बोंडही असंच, तिथे देठ फुगतो.)

चांदणी बघताना गोरोबाकाकांची थापटी आठवली. संतमेळ्यात त्यांनी एकेकाच्या डोक्यावर थापटी मारून पाहिली. सगळे शांत बसले, नामदेवराय तेवढे रागावले. निवाडा झाला: हे मडकं कच्चं! ज्यांच्याशी विठ्ठल बोलतो, जेवतो, त्यांना हे ऐकावं लागलं. किती लागलं असेल! पण मग तेच नामदेवराय औंढ्याला विसोबा खेचरांच्या पायाशी गेले. आज आपण गाडीनं पटकन जातो ती वाट मला फार मोठी वाटते.

सफरचंद पिकलंय का हे बागायतदार कसं बघतात माहितीये? आडवं कापून त्यावर आयोडीन लावतात. जिथे स्टार्च शिल्लक, तिथे निळंकाळं होतं. पिकताना स्टार्चची साखर होते आणि तो काळा रंग साधारण आधी गाभ्यापाशी जातो, मग बाहेर सरकत सालीकडे. साल लाल झाली म्हणून आतला स्टार्च गेला असं नाही.

आता माझं सांगतो. रोज इथे चिंतन लिहितो, तुम्ही खाली ‘माऊली’ लिहिता, बरं वाटतं. शुक्रवारी टीममधल्या नवीन मुलीनं माझ्या कोडमध्ये चूक दाखवली. चूक खरी होती. तरी मी तिला दोन दिवस उत्तर दिलं नाही, आणि त्याच दोन दिवसांत नम्रतेवर पोस्ट टाकली! एक थापटी, आणि सगळं निळंकाळं.

फराळ अर्धा ठेवून तिथूनच तिला मेसेज केला: ‘तुझं बरोबर आहे, उद्या दुरुस्त करतो.’ दोनच मिनिटांत तिचं उत्तर आलं, ‘सर, अजून एक चूक सापडलीय.’

राम कृष्ण हरी!