कान आणि काटा

खोटे बोलायला खोटा आकडाच सांगावा लागतो असे नाही. खरा आकडा सांगूनही ते साधते. हे मला शिकवले एका लाकडी खोक्याने.

ध्वनियंत्रांचा मला नाद आहे. खर्जाचे स्पीकर मोजावेत आणि चार शौकिनांना निकाल लिहून कळवावा, हा माझा रिकामपणाचा उद्योग. गेल्या दिवाळीच्या तोंडावर एका जुन्या स्नेह्याने स्वतः बनवलेला स्पीकर पिपरी मेघेला माझ्या घरी आणून ठेवला. "मोजून पाहा, अन् ठेवूनच घे," म्हणाला. खोक्यावर लिहिले होते : २० हर्ट्झपर्यंत.

खोलीच्या कोपऱ्यात तो लावला मात्र, फडताळातल्या ताटांनी ताल धरला. घरचे खूष, काटाही खूष! पण २० हर्ट्झची ध्वनिलहर सुमारे १७ मीटर लांब. तिच्यापुढे माझी खोली म्हणजे काडेपेटी. भिंती खर्जाला उचलून धरतात, कोपरा तर अधिकच. ते मोजमाप स्पीकरचे कमी आणि घराचे जास्त. म्हणून एका पहाटे मी तो मोकळ्या माळावर नेला. भिंतींचा आधार सुटला आणि ४० हर्ट्झच्या खाली आवाज भराभर उतरला. २० वर तूट होती २० डेसिबलांची. ती भरून काढायची तर शंभरपट शक्ती हवी!

आता पाहा, दोन्ही आकडे खरेच. कोपऱ्यातला कळवला असता, तर मित्र राखला जाता आणि मला कुणी खोटारडा म्हटले नसते. 'मापात पाप' म्हणजे काटा मारणे, एवढेच आपण समजतो. काट्याने काय मोजले नाही, ते दडवणे हेही त्यातलेच.

कायद्याच्या काट्याचेही असेच आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलांची मर्यादा आहे. ती 'ए' मापाने मोजतात. हळू आवाजातला खर्ज माणसाच्या कानाला फार कमी ऐकू येतो. म्हणून हे माप ५० हर्ट्झच्या सुरातून सुमारे ३० डेसिबल वजा करते. कानाशी ते प्रामाणिक आहे. पण मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीपुढे उभ्या असलेल्या म्हाताऱ्याच्या छातीत जे धडधडते, त्यातले बरेचसे त्या वजाबाकीत जाते. ते सांगणारा कुणीतरी हवा, आणि तो कुणाचा मिंधा नसावा.

मी स्पीकर परत केला. मग दोन्ही आकडे, कुठे आणि कसे मोजले त्यासह, सगळ्यांना लिहून कळवले.

"एवढे हरिश्चंद्र व्हायचे काय अडले होते?" घरून विचारणा झाली. प्रश्न रास्त होता. पण खोक्यावरचे २० वाचून एखादा पोरगा साठवलेले पैसे मोजणार होता. भीड माझी, आणि किंमत त्याने द्यायची! भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे भीक दुसऱ्याच्या दारी जात होती. स्नेह नसावा असे मी म्हणत नाही. तो पारड्यात नसावा.

स्नेही वर्षभर फिरकला नाही. यंदा फराळाचे पहिले ताट त्याच्याकडे पाठवले आहे. ताट रिकामे परत करू नये, अशी आपली रीत आहे. मी ताटाची वाट पाहतो आहे.