त्यागी आणि त्यक्त : कुष्ठरोगाच्या संदर्भात एक विचार

शरीराला जडलेला रोग आणि मनुष्याला लागलेला कलंक या दोन भिन्न वस्तू होत. रोगाचे स्थान शरीर. कलंकाचे स्थान पाहणाऱ्याची दृष्टी. रोग औषधाने जातो, कलंक औषधाने जात नाही. हा भेद न जाणल्यामुळे शस्त्र हाती न घेताही केवढी हिंसा घडते, हे कुष्ठरोग्याच्या स्थितीवरून स्पष्ट होते.

प्रथम रोगाचे स्वरूप पाहणे अवश्य आहे. हा रोग एका जंतूपासून होतो, हे नॉर्वेतील हॅन्सेन या वैद्याने १८७३ मध्ये दाखविले. तो सहजासहजी पसरत नाही. बहुसंख्य मनुष्यांच्या ठिकाणी त्याला रोखण्याची शक्ती उपजतच असते. १९८१ मध्ये एकाहून अधिक औषधे एकत्र देण्याची पद्धती निश्चित झाली, आणि पुढे सहा किंवा बारा महिन्यांत रोगी बरा होऊ लागला. उपचारास आरंभ होताच त्याच्यापासून इतरांना होणारी बाधा अल्पावधीतच थांबते. २००५ च्या अखेरीस भारतात या रोगाचे प्रमाण दर दहा हजारांत एकाहून कमी झाले. तथापि रोग निःशेष झालेला नाही. २०२२-२३ या एका वर्षात लाखाहून अधिक नवे रोगी आढळले.

औषध विनामूल्य मिळत असता हातापायांची बोटे झडावीत, पायाला व्रण पडावेत, असे का घडते? त्याचे कारण पुष्कळदा जंतूपेक्षा भय हे असते. अंगावर पहिला बधिर चट्टा उठतो तेव्हा तो दुखत नाही, म्हणून तो लपविता येतो. घरच्यांना कळले तर ताटवाटी वेगळी होईल, बहिणीचे लग्न मोडेल, अशा धास्तीने रोगी तो लपवितो. दरम्यान मज्जातंतू निकामी होतात. संवेदना नसल्यामुळे चुलीचा चटका कळत नाही, काटा रुतलेला कळत नाही. जखम चिघळते आणि विद्रूपता येते. मग त्याच विद्रूपतेकडे बोट दाखवून लोक म्हणतात, ‘पाहा, हा रोग किती भयंकर!’ सारांश, समाज ज्या कार्याला भितो, त्या कार्याचे एक कारण तो स्वतःच असतो. याहून सूक्ष्म हानी मनाची होते. सर्वांनी टाकलेला मनुष्य हळूहळू स्वतःलाही टाकतो. बरा झाल्यावरही पंगतीच्या कडेला जाऊन बसतो.

येथे कोणी शंका घेईल की, हे त्याच्या पूर्वकर्माचे फळ आहे. त्यात इतरांनी का पडावे? याचे समाधान असे. कोणते दुःख कोणत्या कर्माचे, हे अल्पज्ञ जीवाला कळत नाही. शिवाय कर्माचे फळ देणे हे देवतांचे कार्य, शेजाऱ्याचे नव्हे. शेजारी जेव्हा दार लावून घेतो तेव्हा तो कोणाच्या कर्माचे फळ देत नसतो, स्वतःचे नवे कर्म जोडीत असतो. रोग हे कर्मफळ मानले तरी तिरस्कार हे कर्मच आहे, आणि त्याचा कर्ता तिरस्कार करणारा आहे.

दुसरी शंका अधिक मार्मिक आहे. आचारधर्मात देश, ग्राम आणि आप्त यांचा संबंध सोडावयास सांगितले आहे. संबंध तुटणे हे जर साधकाचे भूषण, तर कुष्ठरोग्याचे संबंध तुटले म्हणून शोक कशाला? याचे उत्तर त्यागी आणि त्यक्त या दोन शब्दांतच आहे. त्यागी सोडतो, त्यक्त सोडला जातो. त्याग हा ज्ञानपूर्वक केलेला स्वतःचा व्यापार आहे, त्यक्तता हा दुसऱ्यांनी केलेला आघात आहे. त्यागी घर सोडून निघतो तेव्हा त्याला मार्ग लाभतो, गुरू लाभतो, दंडवत घालणारे सधर्मी लाभतात. झोळीत पडणारी भिक्षा आदराने पडते. त्यक्ताला यांपैकी काहीच मिळत नाही. तीच झोळी, तोच हात. परंतु १८९८ च्या कायद्याने भीक मागणाऱ्या निर्धन कुष्ठरोग्याला पकडून आश्रमात कोंडण्याची मुभा दिली होती. तो केंद्रीय कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होऊ शके, ती तरतूदही २०१९ मध्ये काढण्यात आली. म्हणून त्यागाचा उपदेश त्यक्ताला ऐकविणे हा उपदेशाचा विपर्यास होय. ज्याला संबंधच मिळाला नाही, तो काय सोडणार?

विदर्भाच्या भूमीत या प्रश्नाचे कृतीने उत्तर देणारे लोक झाले. दत्तपूरला मनोहर दिवाण, अमरावतीजवळच्या तपोवनात शिवाजीराव पटवर्धन आणि वरोऱ्याजवळ आनंदवनात बाबा आमटे यांनी टाकलेल्यांना आश्रय दिला. सेवाग्रामला महात्मा गांधींनी परचुरेशास्त्री या कुष्ठपीडित संस्कृत पंडिताला जवळ ठेवून स्वहस्ते त्यांचे अंग चोळले. आनंदवनाचा विशेष असा की, तेथे रोग्याच्या हाती भिक्षापात्र न देता नांगर आणि माग देण्यात आला. दान घेणारा खालीच राहतो. काम करणारा देऊही शकतो, आणि देता येऊ लागले की संबंध समान होतो. मात्र या वसाहतींचा गौरव करताना एक गोष्ट विसरता कामा नये. त्या उभ्या राहिल्या त्या गावांनी आपली माणसे बाहेर काढली म्हणून. वसाहतीचे यश हे गावाचे अपयशही आहे.

कायदा अन्याय्य कलम रद्द करू शकतो, पंगतीत जागा करून देऊ शकत नाही. ते काम ज्याचे त्यानेच करावयाचे आहे. बधिर चट्टा दिसला तर त्या मनुष्याला धीर देऊन दवाखान्यात न्यावे. बरा होऊन आलेल्यास त्याच्या नावाने हाक मारावी, रोगाच्या नावाने नव्हे. लग्नकार्यात त्याला बोलवावे आणि वाढप्यांतही घ्यावे. मुंगीला जपून पाऊल टाकणाऱ्याने, आपल्या दृष्टीखाली कोणी मनुष्य तर चिरडला जात नाही ना, हेही पाहावे. अहिंसा पाळणाऱ्याचा आचार तेवढ्याने अधिक पूर्ण होईल.