कोरी डिस्क आणि कलावंताचा हक्क

नांदेड-लातूरच्या बाजारात कोऱ्या डिस्कवर वा मेमरी कार्डवर नातशरीफ, कव्वाली विनापरवानगी भरून विकली जाते. ‘डिस्कचे पैसे तर मोजले!’ असे आपण म्हणतो. कॅनडात कोऱ्या सीडीवर आकारणी होते आणि ती रक्कम गीतकार-गायकांना वाटली जाते. आपल्याकडे तशी तरतूद नाही. म्हणजे आपण प्लास्टिकचे मोल दिले, श्रमाचे नाही. सूरह अन्-निसाच्या २९व्या आयतीत एकमेकांची संपत्ती अन्यायाने खाण्यास मनाई आहे. १९८८ साली कुवेतच्या अधिवेशनात आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने लेखकाचा आपल्या कृतीवरील हक्क शरीअतसंमत मानला. प्रेषितांची (स.) स्तुती ऐकावी आणि ती गाणाऱ्याचा हक्क बुडवावा, हे कसे शोभेल? परवानगी घ्या, मोबदला द्या. अल्लाह आपली कमाई हलाल ठेवो. आमीन.