सैतानाची पोस्त

कार्निव्हलच्या सोमवारी पहाटे चार वाजता पोर्ट ऑफ स्पेनच्या रस्त्यावर स्वच्छ कपडे घालून उभं राहिलं, तर तेच एक सोंग ठरतं. भोवतीची माणसं चिखलाने, रंगाने, तेलाने, कालवलेल्या कोकोने डोक्यापासून पायापर्यंत माखलेली असतात. त्यांच्यात कोरडा माणूस तेवढा वेगळा उठून दिसतो. त्रिनिदादमध्ये या पहाटेला ‘जूव्हे’ म्हणतात. पाहुण्याला आत घ्यायची तिथली रीत अगदी साधी आहे. नाचत जाणारी कोणी बाई चिखलाचा हात तुमच्या गालावरून फिरवते आणि मागे वळूनही न बघता पुढे जाते. ओळख नाही, चौकशी नाही. ज्याला अंग मळवून घ्यायचं नसेल त्याने घरी झोपावं, असा सगळ्यांचा समज.

ख्रिस्ती उपवासाचा काळ लागण्याआधीचे हे दिवस. गोव्यात किंग मोमोची स्वारी निघते तीही याच सुमारास. पण गोव्याच्या रस्त्यावर न दिसणारं एक पात्र इथे भेटतं. जॅब मोलासी, म्हणजे काकवीचा सैतान. अंगभर काळं किंवा निळं काहीतरी चोपडलेलं, डोक्यावर शिंगं, मागे शेपूट. सोबतचे पत्र्याचे डबे बडवत असतात आणि हा तुमच्या तोंडाशी येऊन हात पसरतो, ‘सैतानाचे पैसे द्या!’ दिले नाहीत तर अंगावरची काळी राड तुमच्या शर्टाला पुसेन, ही धमकी वेगळी सांगावी लागत नाही. शिमग्यात पोस्त मागणारी सोंगं पाहिलेल्या माणसाला हा प्रकार ओळखीचाच वाटेल. मीही हसत खिशात हात घातला.

काकवीच का, हा प्रश्न नंतर पडला.

एके काळी साखरेच्या मळ्यांचं हे बेट. १७८३ नंतर फ्रेंच कॅथलिक मळेवाले गुलामांना घेऊन इथे आले आणि कार्निव्हलच्या दिवसांत आपल्या वाड्यांमध्ये मुखवट्यांचे नाच करू लागले. गुलामांना त्यात जागा नव्हती. ऊस पेटला की मात्र रात्री-अपरात्री मशाली हातात देऊन, चाबूक ओढत त्यांनाच आग विझवायला पिटाळलं जाई. १८३८ मध्ये पूर्ण सुटका झाल्यावर त्यांनी ती मशालींची मिरवणूक स्वतःच काढायला सुरुवात केली आणि रस्ता आपला केला. १८८१ मध्ये कॅप्टन बेकरच्या पोलिसांनी ती अडवली तेव्हा जोरदार मारामारी झाली. पुढे ढोलांवर बंदी आली. लोकांनी बांबूचे तुकडे जमिनीवर आपटून ताल धरला. त्यानंतर डबे आले आणि अखेर तेलाची रिकामी पिंपं. जगभर वाजणारा स्टीलपॅन असा बंदीच्या पोटी जन्मला.

या सगळ्यात मला अडकून राहिला तो सैतानाचा पसरलेला हात. गुलामगिरी संपवताना ब्रिटिश सरकारने आपल्या साम्राज्यातल्या मालकांना नुकसानभरपाई म्हणून दोन कोटी पौंड दिले. ज्यांनी ऊस तोडला, रस उकळला, त्यांच्या हातावर एक पैही पडली नाही. उलट ‘शिकाऊ उमेदवारी’ या नावाखाली आणखी चार वर्षं त्यांना फुकट राबवून घेतलं. आणि आता त्याच मळ्यांच्या काकवीच्या नावाने अंग माखून, मालकांना वाटणाऱ्या भीतीचंच रूप घेऊन, कोणीतरी रस्त्यात आडवा येतो आणि म्हणतो, पैसे द्या.

माझ्यासमोरच्या सैतानाच्या मनात हा हिशेब होता, असा माझा दावा नाही. तो मजेत होता; बुधवारी आंघोळ करून एखाद्या कचेरीत कामाला जाणारा असेल. पाहुण्याची खोडच अशी की, दुसऱ्याच्या आनंदात तो अर्थ शोधत बसतो. तरी मी दिलेलं नाणं मला जरा कमीच वाटलं.

मंगळवारी चित्र बदलतं. चिखल धुऊन जातो आणि पिसं, मणी, चकचकीत पोशाख बाहेर येतात. पोशाख महाग असतात, पाहुणेही ते घेतात, आणि मोठ्या पथकांभोवती दोरखंड धरून रखवालदार चालतात, पैसे न भरलेला कोणी आत घुसू नये म्हणून. नाचणाऱ्यांत बायका कितीतरी जास्त, आणि त्यांच्या मोकळेपणाला नाक मुरडणारे जे थोर लोक आहेत त्यांच्यात मी नाही. पण दोरी खटकली. वाड्याच्या आतला उत्सव ज्यांनी मार खाऊन रस्त्यावर आणला, त्यांच्याच रस्त्यावर पुन्हा आतले आणि बाहेरचे झाले.

जायचंच असेल तर पोशाख खुशाल घ्यावा. मात्र आदल्या गुरुवारपर्यंत पोहोचावं. कार्निव्हलच्या शुक्रवारी, उजाडायच्या आत, पोर्ट ऑफ स्पेनमध्ये १८८१ ची ती चकमक लोक नाट्यरूपात उभी करतात: काठ्या, गाणी, पोलीस, सगळं. ते आधी बघावं. आणि सोमवारी खिशात सुट्टे पैसे भरपूर ठेवावेत, कारण एक सैतान गेला की त्याच्या मागे दुसरा उभाच असतो.