व्हिसाचा अर्ज आणि आठवी आज्ञा



2023 च्या ऑगस्टमध्ये पोर्तुगालमधील लिस्बन येथे जागतिक युवा दिन साजरा झाला. त्याच्या काही महिने आधी एक आई आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आली. तेव्हा मी दुसऱ्या धर्मग्रामात होतो. 'हा आमच्या युवा संघाचा क्रियाशील सभासद असून युवा दिनासाठी जात आहे', असे पत्र त्यांना व्हिसासाठी हवे होते. मुलगा युवा संघाच्या एकाही सभेला आलेला नव्हता. आईने काही लपवले नाही. "फादर, तो तिथेच राहील. ओळखीच्या माणसाने हॉटेलात काम बघून ठेवलंय. घरावर कर्ज आहे. तुमच्या एका सहीने आमचं घर वाचेल."

मी नकार दिला. तेव्हा मुलगा म्हणाला, "पृथ्वी देवाची आहे ना, फादर? योसेफ आणि मरिया मिसर देशात गेले तेव्हा त्यांनी कुठे व्हिसा घेतला होता?"

सेमिनरीत मी तत्त्वज्ञान शिकलो, पण त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. अशी पत्रे मागायला लोक आजही येतात. म्हणून ते उत्तर आज देण्याचा प्रयत्न करतो.

पहिली गोष्ट, त्या मुलाचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. पोप बारावे पायस यांनी 1952 साली स्थलांतरितांविषयी लिहिताना मिसरला गेलेले पवित्र कुटुंब हेच सर्व निर्वासितांचा आदर्श म्हणून पुढे ठेवले. पोप तेविसावे जॉन यांनी 1963 च्या 'पाचेम इन तेरिस' या परिपत्रकात, योग्य कारण असेल तर दुसऱ्या देशात जाऊन राहणे हा माणसाचा हक्क मानला. ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ (परिच्छेद 2241) दोन्ही बाजू सांगतो. संपन्न राष्ट्रांनी आपल्या शक्तीप्रमाणे परक्याला सामावून घ्यावे आणि येणाऱ्याने त्या देशाचे कायदे पाळावेत.

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी 1795 साली शाश्वत शांतीवर एक निबंध लिहिला. पृथ्वी गोल आहे, माणसे तिच्यावर कितीही पांगली तरी शेवटी एकमेकांना भेटणारच, म्हणून भेटीला आलेल्या परक्याला कोणी शत्रूसारखे वागवू नये, असे ते म्हणतात. हा झाला भेटीचा हक्क. पाहुणा म्हणून मुक्काम करायचा तर मात्र घरच्यांशी वेगळा करार हवा. आजचे व्हिसाचे नियम नेमका हाच फरक करतात. युरोपातील शेंजेन देशांचा अल्पमुदतीचा व्हिसा 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहू देतो. अर्जात प्रवासाचे कारण, राहण्याची सोय, खर्चाची तयारी आणि मुदतीत परतण्याचा इरादा दाखवावा लागतो. ही भेटीची परवानगी आहे, मुक्कामाची नव्हे.

कांट आणखी एक अट घालतात. ज्याला परत पाठवले तर त्याचा नाश होईल, त्याला दारातून हाकलता येत नाही. योसेफ आणि मरिया या गटात मोडतात. त्यांच्या मागे हेरोदाची तलवार होती. निर्वासितांविषयीचा 1951 चा आंतरराष्ट्रीय करारही सांगतो की, जिवावर बेतल्याने थेट पळून आलेला माणूस विनापरवाना आत शिरला, तरी त्याने लगेच अधिकाऱ्यांपुढे हजर होऊन कारण सांगितले तर त्याला त्याबद्दल शिक्षा करू नये. त्या आईच्या घरावरचे कर्ज जड होते, यात शंका नाही. पण कर्ज म्हणजे हेरोद नव्हे.

मग उरतो खोटे बोलण्याचा प्रश्न. ज्याला सत्य जाणण्याचा हक्क नाही त्याच्यापुढे ते उघड करण्यास कोणी बांधील नाही, असे धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो. घरात लपलेल्याचा जीव घ्यायला आलेला माणूस दारात उभा असेल, तर त्याला पत्ता देण्याचे बंधन आपल्यावर नाही. पण व्हिसा अधिकारी मारेकरी नाही. तो दुसऱ्याच्या घराच्या दारात उभा आहे आणि कशासाठी आलात, एवढेच विचारतो. खोली भाड्याने देताना आपणही तेच विचारतो ना?

"यात कोणाचं नुकसान होतं?" असे पुष्कळजण म्हणतात. पहिले नुकसान पुढच्या अर्जदाराचे होते. अमेरिकेच्या कायद्यात भेटीला येणारा अर्जदार तिथेच राहायला आलेला आहे असे आधी गृहीत धरतात आणि तसे नाही हे त्यानेच पटवून द्यायचे असते. लेकीच्या बाळंतपणाला निघालेली आई खिडकीपुढे उभी राहते, तेव्हा आधी कोणीतरी सांगितलेल्या खोट्याचा संशय तिच्या वाट्याला येतो. विश्वास ही सर्वांची सामाईक ठेव आहे. एकाने उचल केली की दुसऱ्याला कमी पडते.

दुसरे नुकसान स्वतःचे. अर्जात खोटी माहिती दिल्याचे उघड झाले तर कॅनडा पाच वर्षे दार बंद करतो, अमेरिका सहसा कायमचे. पकडला गेला नाही तरी तो मोकळा होत नाही. भेटीच्या व्हिसावर काम करणाऱ्याचा मालकाने पगार बुडवला तर तो पोलिसांकडे जायला घाबरतो. आखाती देशांत असे अडकलेले लोक आपण पाहिले आहेत. ज्या खोट्याने दार उघडले, तेच पुढे त्याचे तोंड बंद करते.

तेव्हा पत्र न देण्याचा माझा निर्णय मला आजही बरोबर वाटतो. पण एक गोष्ट मला टोचते. मी 'नाही' म्हणालो आणि त्या दोघांना दारापर्यंत पोहोचवून आलो. कर्ज किती, कोणाचे, हप्ता किती थकला, हे विचारलेच नाही. माझ्या सत्याची मला काहीच किंमत पडली नाही. ती सगळी त्या आईने मोजली. आठवी आज्ञा पाळल्याचे समाधान घेऊन मी जेवायला बसलो. प्रभू येशू मात्र मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या न्यायाच्या दिवशी, परक्याला आणि भुकेल्याला तुम्ही काय दिले, असा हिशेब मागतो.

म्हणून दोन गोष्टी सांगतो. तीर्थयात्रेला, मुलाबाळांना भेटायला किंवा शिक्षणासाठी खरोखर जाणाऱ्याला खरे पत्र मी आनंदाने देईन. आणि जो अडचणीपायी जायला निघाला आहे, त्याने एजंटच्या हातात पैसे ठेवण्याआधी माझ्याकडे यावे. एजंटची नोंदणी सरकारच्या ई-मायग्रेट यादीत आहे का, व्हिसा कामाचाच आहे का, हे आपण मिळून पाहू. कर्जाचे कागद घेऊन आलात तर तेही पाहू. या वेळी मी दारापर्यंत पोहोचवून परत फिरणार नाही.

आपल्या गावात भाड्याच्या खोलीत राहणारे, दुरून कामाला आलेले लोक रविवारी मिस्साला मागच्या बाकावर बसतात. परदेशात आपल्या मुलाला कोणी कसे वागवावे, असे आपल्याला वाटते? तसेच आज मिस्सा संपल्यावर त्यांच्याशी दोन शब्द बोला.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू