दैव पाचवं आहे

आजचा श्लोक : भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक १४

कोणत्याही कर्मामागे पाच कारणं असतात, असं भगवंत इथे सांगतात. अधिष्ठान, म्हणजे कर्म ज्याच्या आधाराने घडतं ते. कर्ता. करण, म्हणजे साधनं. चेष्टा, म्हणजे निरनिराळे प्रयत्न. आणि पाचवं दैव. आजवर मी हा श्लोक वाचून पुढे जायचो. मागच्या महिन्यात गावी जे घडलं, त्यानंतर मात्र ही यादी नीट वाचावी लागली.

मामांचं घर दाभोळच्या खाडीकाठी. त्यांनी एक जुनी फायबरची होडी घेतली, चौदा फुटी, मागे पेट्रोलवर चालणारी मोटर. "तू इंजिनीअर ना, बघ जरा," म्हणाले. मी सॉफ्टवेअरवाला, पण व्हिडिओ बघून बघून चार दिवस लागलो. कार्बोरेटर साफ केला, प्लग बदलला, टाकीतलं जुनं पेट्रोल काढून ऑइल मिसळलेलं ताजं भरलं. पाण्याच्या पिंपात मोटर लावून पाहिली. सुरू झाली!

एकच गोष्ट खटकली. अशी मोटर खालून पाणी ओढून स्वतःला थंड ठेवते आणि त्यातलं थोडं एका भोकातून धारेने बाहेर पडतं. ती धार बारीक होती, मध्येच तुटत होती. पंपातलं रबरी इंपेलर जुनं झालंय हे मला कळलं. पण नवं मिळायला आठवडा लागणार होता आणि माझी परतीची गाडी सोमवारी होती.

रविवारी मामांनी विचारलं, "सगळं ठीक ना रे?"

"हो मामा, एकदम ओके."

मामीने होडीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. सगळ्यांनी लाइफ जॅकेट घातली. माझी सहा वर्षांची मुलगी पुढे बसली. शेजारचे म्हातारे तांडेल आले, काही न बोलता दोन वल्ही होडीत ठेवून गेले. मोटर असताना वल्ही कशाला, म्हणून मी मनात हसलो.

पहिली दहा मिनिटं काय आनंद होता! मग जळका वास आला. मागे पाहिलं तर धार बंद. मी घाईने मोटर बंद केली. सगळं शांत झालं, आणि तेव्हा लक्षात आलं की होडी थांबलेली नाही. काठावरची झाडं मागे सरकत होती. ओहोटी आम्हाला खाडीच्या मुखाकडे, समुद्राकडे ओढत होती.

मामांनी एक वल्हं घेतलं, दुसरं मला दिलं. प्रवाहाच्या उलट न जाता आडवं वल्हवत आम्ही कसेबसे काठच्या कांदळवनापाशी आलो आणि एका फांदीला दोर बांधला. मुलगी पाण्यात बोटं बुडवून विचारत होती, "बाबा, आता आपण कुठे चाललो?" तिच्या आवाजात भीती अजिबात नव्हती. बाबा आहे ना बरोबर! तेच मला सहन होईना.

तासाभराने मासेमारीहून परतणाऱ्या एका होडीने आम्हाला ओढून आणलं. मामी म्हणाली, "देवाने राखलं रे." मीही लगेच मान हलवली. किती सोयीचं होतं ते!

रात्री श्लोक काढला. होडी धड होती. साधन बिघडलेलं होतं, आणि ते कर्त्याला ठाऊक होतं. ओहोटीची वेळ तर आधीच बघता आली असती. मग दैवाच्या वाट्याला उरलं काय? नेमकी त्या वेळी आलेली ती होडी, बस्स.

मी खोटं बोललो का? मोटर तर चालू झाली होती. ऑफिसातही आम्ही असंच म्हणतो, "माझ्या मशीनवर चालतंय." पण मामा मोटरबद्दल विचारत नव्हते, मला काय माहीत आहे ते विचारत होते. जुन्या होडीबद्दल पूर्ण खात्री कधीच नसते, आणि खात्रीची वाट बघत बसलं तर कोणी पाण्यात उतरणारच नाही. हे खरं. पण शंका माहीत असूनही जायचं की नाही, हे होडीत बसणाऱ्यांनी ठरवायचं असतं. तो निर्णय मी त्यांच्याकडून काढून घेतला. स्वतःचा जीव देवावर सोपवणं ही कदाचित श्रद्धा असेल. दुसऱ्याचा जीव त्याला न सांगता सोपवला, तर तिला श्रद्धा कसं म्हणायचं?

पुढे सोळाव्या श्लोकात भगवंत म्हणतात, जो फक्त स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही. निघताना मी तसाच होतो, सगळं मीच केलंय. परत आल्यावर एकदम उलटं, सगळं देवानेच केलंय. दोन्ही वेळा पाचातली चार कारणं मी सोडून दिली. तांडेलकाकांचा देवावर माझ्यापेक्षा जास्त भाव असेल. तरी वल्ही त्यांनीच ठेवली.

त्याच रात्री मामांना खरं सांगितलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मग बोलायचं ना रे. होडी काय पळून जाणार होती?"

नवं इंपेलर आता आलंय. मुलीला सांगणं अजून बाकी आहे.

देवा, ती पुन्हा माझ्या होडीत बसायच्या आधी ते सांगायचं बळ दे.

राम कृष्ण हरी.