बल कोणासाठी?

शरीरबल कमावणे हे ज्याच्या त्याच्या हौसेचे काम, अशी आमच्या सुशिक्षित वर्गाची समजूत आहे. जोर-बैठका काढणाऱ्या मनुष्याचे आम्हांस कौतुक वाटते; पण ते एखाद्याने सतार वाजवावी व आपण मान डोलवावी, त्या जातीचे. सतार न वाजविणाऱ्यास कोणी दोष देत नाही. शरीर दुर्बळ ठेवणाऱ्यास तो द्यावा काय?

लोकमान्य टिळकांनी डेक्कन कॉलेजातील पहिले वर्ष अभ्यास बाजूस सारून शरीर सुधारण्यात घालविले, ही कथा आम्ही विद्यार्थ्यांस नेहमी सांगतो. तिचा अर्थ मात्र असा लावतो की, बल ही तारुण्यात एकदा करून ठेवावयाची ठेव आहे. शरीरशास्त्र याच्या उलट सांगते. मध्यम वयापासून स्नायू झिजू लागतात, आणि न वापरल्यास अधिकच वेगाने. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा भाग याच स्नायूंत शोषला जातो; हाडे बळकट राहतात तीही त्यांच्या ओढीने. १९९० साली अमेरिकेतील संशोधकांनी शुश्रूषागृहात राहणाऱ्या, नव्वदीच्या घरातील दहा अशक्त वृद्धांस पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. ज्यांनी तो आठ आठवडे पुरा केला, त्यांच्या पायांचे बल सरासरीने १७४ टक्के वाढले! 'आता या वयात काय?' हे आमचे लाडके वाक्य तेथेच निकालात निघाले. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांकडून असा व्यायाम आठवड्यातून निदान दोन दिवस मागते. आमची उपासतापासाची व्रतेदेखील याहून कडक असतात.

यावर कोणी म्हणेल, देह आमचा; झिजला तर आमचा झिजेल. येथेच आमचा मतभेद आहे. उतारवयात खुर्चीवरून उठताना हात लागतो तो कोणाचा? बहुधा पत्नीचा, लेकीचा किंवा सुनेचा; आणि तिला तालमीचे दार कोणी कधी उघडून दिलेले नसते. व्याधीने अथवा अपघाताने पंगू झालेल्यांविषयी आम्ही बोलत नाही. त्यांचा भार वाहणे हा कुटुंबाचा धर्मच होय. पण त्या धर्माच्या भरवशावर धडधाकट माणसाने आपला आळस पोसावा काय?

आम्ही स्वतः पन्नाशी उलटल्यावर बैठकांस आरंभ केला. पहिल्या दिवशी बारा झाल्या, आणि जिना उतरताना कठडा धरावा लागला. घरात हसू झाले. हल्ली सकाळी आमच्या शेजारी आमची पत्नीही पदर खोचून बैठका काढते, व तिची संख्या आमच्याहून अधिक भरते.